‘मी हिच्या ऑफिसातला’

ती. काका,
सा. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. इमारतींची ड्रॉइंग काढायच्या आपल्या ऑफिसात कुणी कौतुक केलं की तुम्ही लगेच टी-स्क्वेअर, ती ड्रॉइंगची मोठी पट्टी, पुसायला घ्यायचात. आता चारचौघांत नाव घेतलं तर माझा फोनही उचलणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ‘टी-स्क्वेअर काका’ म्हटल्यावर ओळखतीलच.

परवा बँकेचा मेसेज आला. पहिली पेन्शन जमा. रक्कम सांगण्यासारखी नाही, सोसायटीचा मेन्टेनन्स जेमतेम निघेल. तरी भाजीच्या गाडीसमोर उभं राहून तो मेसेज मी तीनदा वाचला आणि रडू फुटलं. भाजीवाला म्हणाला, “ताई, काय झालं?” काय सांगणार त्याला? म्हटलं, ऑफिसची आठवण आली.

आपल्या ऑफिसची आठवण तशी सगळ्यांनाच येते. आमचा जुन्या मंडळींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, तुम्ही त्यात नाही ते एक बरंच आहे. रोज सकाळी कुणीतरी दादरच्या त्या जिन्याचा फोटो टाकतं. मग चार वाजताचा चहा, पँट्रीशेजारचं ड्रॉइंगच्या प्रती काढायचं अमोनियाचं मशीन, त्या वासाने डोळ्यांतून येणारं पाणी, ओलसर प्रिंटा वाळत घातलेली दोरी. ‘काय दिवस होते!’ मग बदाम. दीड वर्षापूर्वी त्याच ग्रुपवर मी विचारलं, कुणाकडे आपल्या वेळचा पीएफचा एखादा कागद आहे का? माझी दहा वर्षं भरत नव्हती. दहा भरल्याशिवाय महिन्याची पेन्शन नाही. आपल्या ऑफिसातली वर्षं धरली तर भरत होती, न धरता सहाच. दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी चार जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पाचव्याने दिवाळी पार्टीचा जुना फोटो.

साहेबांचं तर विचारूच नका. ऑफिस मिटलं तेव्हा कागदपत्रं कुठल्या गोडाऊनला गेली, हे फक्त त्यांना ठाऊक. मी अकरा वेळा फोन केला. दहा वेळा ते मीटिंगमध्ये होते. अकराव्या वेळी स्वतः बोलले आणि म्हणाले, “अगं, इतकी जुनी गोष्ट! सोडून दे ना.” ज्यांच्यासाठी मी आठव्या महिन्यात पोट सांभाळत स्टूलवर बसून रात्री दहापर्यंत बार बेंडिंग शेड्यूल, सळया कापण्या-वाकवण्याचे तक्ते, केलं, ते म्हणाले सोडून दे. असो. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर हे पत्र त्यांचंच होईल.

तुमचा नंबर मला इलेक्ट्रिकच्या ठेकेदाराच्या मुलाकडून मिळाला. सव्वीस वर्षांनी फोन करत होते, काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. तुम्ही पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाहीत. “पीएफ नंबर ना? थांब, चष्मा आणतो.”

रजिस्टर! लाल कापडी पुठ्ठ्याचं ड्रॉइंग रजिस्टर. पुढच्या पानांवर ड्रॉइंगचे नंबर, रिव्हिजन, तारखा, कुणाला प्रिंट दिली ते. मागून उघडलं तर आठ पानं माणसांची. नाव, रुजू झाल्याची तारीख, पीएफ नंबर, आणि ज्यांनी सोडलं त्यांची सोडल्याची तारीख. ऑफिस बंद होणार हे कळल्यावर तुम्ही तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्सच्या कपाटापुढे बसून ते उतरवून घेतलंत. शिपायापासून मोठ्या साहेबांच्या भाच्यापर्यंत सगळे. कुणी सांगितलं नव्हतं. “कुणीतरी विचारायला येणारच होतं,” म्हणालात. अक्षर तेच, ड्रॉइंगच्या ट्रेसिंग पेपरवरचं. पेन्सिलीच्या दोन फिकट रेघांत बसवलेलं, एकाही अक्षराची मान त्या रेघेबाहेर नाही.

ते अक्षर बघितलं आणि मला माझा पहिला आठवडा आठवला. १९९३ चा नोव्हेंबर. किल्लारीचा भूकंप होऊन दीड महिना झालेला. मी डिग्रीवाली, तुम्ही आयटीआय झालेले ड्राफ्ट्समन, त्यामुळे मला वाटत होतं की मी तुम्हाला शिकवायचं. कॉलमचा आडवा छेद काढला आणि उभ्या सळयांभोवतीच्या रिंगची दोन्ही टोकं काटकोनात ठेवली. तुम्ही काही न बोलता अर्धं ब्लेड घेतलंत, ती दोन टोकं ट्रेसिंगवरून अशी खरवडलीत की कागदाला चराही नाही, आणि पेन माझ्या हातात दिलंत. “हुक आत वळव. काँक्रीटच्या पोटात.” मग सिगारेटच्या पाकिटामागे काढून दाखवलंत. हादरा बसला की सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट, कव्हर, फुटतं. ते फुटलं की काटकोनातला हुक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. १३५ अंशात आत वळवलेलं टोक मात्र धरून बसतं. आयएस १३९२०, भूकंपात तग धरणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामाचं मानक, त्याच वर्षी आलेलं, साहेबांच्या टेबलावर कोरं पडलं होतं. तुम्ही ते घरी नेऊन वाचलं होतंत, डिक्शनरी घेऊन.

साइटवरचा मुकादम तुमच्या नावाने शिव्या घालायचा, १३५ ला वाकवता वाकवता बार बेंडरचे हात भरून येतात म्हणून. बिल्डर तर म्हणायचा, “एवढ्याशा टोकाने काय होतं?” २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, अहमदाबादेत इमारती कोसळल्या. पेपरात फोटो आले. उघड्या पडलेल्या रिंगा आणि धनुष्यासारख्या वाकलेल्या सळया. मी तेव्हा नोकरी सोडून घरी होते, लेक कडेवर होती. त्या दिवशी तुम्हाला फोन करायला हवा होता. नाही केला.

पण हे पत्र रजिस्टरसाठी नाही, हुकासाठीही नाही. पीएफच्या कचेरीतल्या त्या मंगळवारासाठी आहे.

पानाचा फोटो पाठवला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. तुम्ही म्हणालात, फोटोवर कोण विश्वास ठेवतं, वही दाखवू. आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोंबिवलीहून आठ बावन्नची लोकल पकडून आलात. वही पिशवीत, पिशवी पोटाशी, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर. मी आधी दोनदा त्याच खिडकीवरून परतले होते. तिसऱ्यांदाही कारकून मान वर न करताच म्हणाला, “रेकॉर्ड सापडत नाही म्हणून सांगितलं ना मॅडम.” मग तुमच्याकडे बघून, “तुम्ही कोण? वडील का?”

“नाही. मी हिच्या ऑफिसातला.”

ऑफिस मिटून वीस वर्षं होऊन गेली, काका. त्या जागेत आता चष्म्याचं दुकान आहे. आणि तुम्ही ‘होतो’ म्हणाला नाहीत. जणू जेवणाची सुट्टी संपली की आपण दोघं परत जाऊन टेबलाशी बसणार आहोत. कितीतरी महिने मी एकटी खिडक्या करत होते, हातात फाइल, मनात भीती की हे लोक मला खोटारडी समजतायत. त्या तीन शब्दांनी मी पुन्हा कुठली तरी झाले.

कारकुनाने वही स्वतःकडे फिरवली. तुमचं बोट माझ्या नावाखाली होतं. बराच वेळ बघून त्याने विचारलं, “अक्षर कुणाचं आहे हे?” आणि मग बसा म्हणाला. पुढचं पुराण सांगत नाही, त्याला अजून पाच महिने लागले. पण त्या दिवसानंतर ‘सापडत नाही’ हे मला कुणी म्हणालं नाही. तो कारकूनही वाईट नव्हता हो. त्याच्यासमोर इतक्या वर्षांत कुणी अशी वही ठेवलीच नसेल.

अशी माणसं प्रत्येक ऑफिसात एखाद-दुसरी असतात असं मला आता वाटतं. पगाराच्या यादीत शेवटून तिसरी. उद्घाटनाच्या फोटोत ती नसतात, कारण फोटोच्या वेळी कुणाची तरी प्रिंट काढत असतात. आपल्या पूर्ण झालेल्या इमारतींच्या पाट्यांवर साहेबांचं नाव आहे, आर्किटेक्टचं आहे, बिल्डरच्या आईचं आहे. मी मागच्या महिन्यात माटुंग्याची आपली इमारत बघून आले. रंग उडालाय, कॉलमना भेग नाही. वॉचमन हाकलेपर्यंत पार्किंगमध्ये उभी होते.

जेवायचं म्हटलं तेव्हा तुम्ही डबा काढलात आणि अर्धी पोळी-भाजी माझ्यापुढे सरकवलीत. तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत. मुलीला सांगितलं तर म्हणते, त्यांना शाल-श्रीफळ दे. शाल दिली तर ती तुम्ही रजिस्टरला गुंडाळाल, मला माहीत आहे.

येत्या रविवारी येते. काकूंना सांगा, जेवायला काही करू नका, खोबऱ्याच्या वड्या मी आणतेय. आणि वही वर काढून ठेवा. तिसऱ्या पानावरच्या दोघांचा पत्ता लागलाय. एक नाशिकला आहे, आणि दुसरा गेला, पण त्याची बायको विरारला असते. तिला अजून काहीच मिळालेलं नाही.

तुमच्या ऑफिसातली,
खिडकीजवळच्या टेबलावरची

ता. क. माझ्या ड्रॉवरमध्ये ड्रॉइंगचं ०.३ चं एक पेन सापडलं. तुमचंच असावं. शाई वाळलीय, गरम पाण्यात टाकून ठेवलंय.