तुझा एक संशय खरा होता

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

समोरासमोर बसलो की तिसऱ्या वाक्याला आपला वाद होतो, म्हणून लिहून देतोय. सावकाश वाच. मध्येच ठेवून द्यावंसं वाटलं तर ठेव, राग नाही.

जे सांगायला मला वर्ष लागलं ते आधी सांगतो. जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय, असं तू म्हणायचास आणि मी तुला उडवून लावायचो. कालवणारा मीच होतो. औषधाचे थेंब होते ते. तू गोळ्यांना हात लावत नव्हतास, रात्र रात्र खिडकीशी उभा असायचास, आणि मला दुसरं काही सुचेना. पाच आठवडे मी हे केलं. बाटली तुझ्या हाती लागली त्या दिवशीही "ते माझं औषध आहे" म्हणून खोटं बोललो. मग तू घरात जेवणंच सोडलंस आणि शेवटी तुला भरती करावं लागलं. आपल्याविरुद्ध कट चाललाय या भीतीने जो पोखरला होता, त्याच्या ताटात मी चोरून औषध घातलं. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर.

दुसरी चोरी डॉक्टरांपाशी केली. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, कसलं व्यसन आहे का? तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "छे, आमच्याकडे तसलं काही नाही." तुझ्या खोलीतला गांजाचा वास मला वर्षभर आधीपासून ठाऊक होता. लाज वाटली, दुसरं कारण नाही. त्या लाजेची किंमत तू मोजलीस. कुणीतरी पाळत ठेवतंय, मागावर आहे, असं गांजानेही वाटू शकतं, दारूने आणि इतर नशांनीही. नशेमुळे आलेला भ्रम नशा थांबल्यावर सहसा महिन्याभरात ओसरतो. त्यानंतरही टिकला, तर आजार वेगळा आहे का हे पाहावं लागतं. ही पारख सुरुवातीलाच व्हायला हवी होती. डॉक्टरांना निम्मीच माहिती होती, कारण निम्मी मी गिळली होती.

भरती असताना तीन आठवडे गांजा पूर्ण बंद होता आणि पुढेही महिनाभर तू शिवला नाहीस. धडधड कमी झाली, झोप आली, पण वरच्या मजल्यावरचा माणूस पाळत ठेवतोय ही तुझी खात्री तसूभरही हलली नाही. तेव्हा डॉक्टरांनी 'डिल्युजनल डिसऑर्डर' हे नाव घेतलं. एखादी ठाम समजूत महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ घट्ट बसते आणि त्या समजुतीपलीकडचं बाकी सगळं बहुतेक जागेवर असतं. तुझ्या कामात कधी चूक झाली नाही, कुणाचा वाढदिवस तू विसरला नाहीस. म्हणूनच हा आजार असेल असं मला इतके दिवस वाटलं नाही.

गांजाने झोप लागते, असं तू म्हणतोस. लागत असेल. पण स्वीडनमध्ये लष्करात भरती होणाऱ्या ४५ हजारांहून अधिक तरुणांची माहिती घेऊन पुढची १५ वर्षं पाहिली गेली. १९८७ मध्ये निष्कर्ष आला: ज्यांनी भरतीपूर्वी ५० पेक्षा जास्त वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळला. इतर कारणांचा हिशेब धरल्यावर फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही. तुझा आजार तो नव्हे, हे मला माहीत आहे. तरी ज्याच्या मनात आधीच संशयाने घर केलंय, त्याने हा धोका पत्करू नये असं मला मनापासून वाटतं. झोपेचं सरळ डॉक्टरांना सांग, त्यावर उपाय आहेत.

आता सिगारेट. हे मला नुकतंच कळलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. तू घरी आल्यावर महिन्याभरात भीती परतली, तेव्हा मी तुझ्यावर गोळ्या टाळल्याचा आळ घेतला. तुझ्या देखत पाकिटं मोजली. तू शपथेवर सांगत होतास की घेतोय. खरंच घेत होतास! ऑलान्झापिनचा, म्हणजे तुझ्या या गोळ्यांचा, डोस ठरला तेव्हा दवाखान्यात सिगारेट बंद होती. घरी तू पुन्हा दिवसाला पाकीट ओढू लागलास. तंबाखूच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत हे औषध भराभर मोडून टाकतं. गोळी तेवढीच, पण रक्तात औषध कमी. (हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे निकोटिनच्या च्युइंगगमने असं होत नाही.) याची दुसरी बाजूही लक्षात ठेव: सिगारेट एकदम सोडलीस तर रक्तातलं औषध वाढतं, गुंगी येते. सोड, जरूर सोड, पण आधी डॉक्टरांना सांगून, म्हणजे डोस बदलता येईल.

दारूचं थोडक्यात: या गोळीवर दारूने गुंगी आणखी चढते. तेवढं टाळ.

वजन वाढल्याचं तू सांगत होतास आणि मी "जीव महत्त्वाचा की वजन?" म्हणून तुला गप्प केलं. तुझी तक्रार रास्त होती. या औषधाने भूक आणि वजन वाढतं, साखर आणि कोलेस्टेरॉलही वाढू शकतं, म्हणून रक्त तपासत राहायचं असतं. ज्यांनी वजन कमी वाढतं अशी औषधंही आहेत, आरिपिप्राझोल त्यातलं एक. बदल मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. फक्त मनाने एकदम बंद करू नकोस. बंद केल्यावर काही दिवस हलकं वाटतं आणि मग आजार उलटतो, हे आपण एकदा पाहिलंय.

वरच्या मजल्यावरच्या माणसाबद्दल मी यापुढे वाद घालणार नाही. तू म्हणतोस तसं मला दिसत नाही, आणि दिसतं असं खोटंही बोलणार नाही. पण तुला वाटणारी भीती खरी आहे, ती कमी व्हावी एवढंच मला हवंय.

आजपासून तुझं ताट तूच वाढून घे. गोळ्या तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्याकडे. पाकिटं मी मोजणार नाही.

गुरुवारी अकराला डॉक्टरांची वेळ आहे. गांजा, सिगारेट, बंद केलेल्या गोळ्या, सगळं त्यांना सांग. मी थेंब घातले होते, तेही सांग. मी बाहेर बाकावर बसेन. हाक मारलीस तर आत येईन.

तुझे
बाबा