शेफर आणि खटक्याचे पेन

शाईच्या जुन्या पेनांवरील लेखात (रविवार पुरवणी) शेफर कंपनीची ओळख केवळ सोन्याची निब आणि टोपणावरचा पांढरा ठिपका एवढ्यापुरती मर्यादित ठेवली आहे, ती अपुरी वाटते. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील फोर्ट मॅडिसन येथील जवाहिरे वॉल्टर शेफर यांनी 1908 मध्ये खटक्याने शाई भरण्याच्या रचनेचे पेटंट मिळवले आणि 1913 मध्ये स्थापन झालेली कंपनी याच रचनेवर उभी राहिली. त्याआधी बहुतेक पेनांत ड्रॉपरने थेंब थेंब शाई सोडावी लागे आणि बोटे हमखास माखत. पेनाच्या नळीत शाई साठवणाऱ्या रबरी पिशवीची कल्पना शेफर यांची नव्हे, हेही सांगायला हवे. कॉन्क्लिन या दुसऱ्या पेन कंपनीच्या पेनांत ती आधीपासून होती, मात्र ती दाबणारी चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी नळीबाहेर डोकावत असे. शेफर यांचा खटका नळीच्या अंगात सपाट बसे. तो नखाने उचलला की आतली पट्टी पिशवी दाबून हवा बाहेर काढी, आणि खाली सोडला की पिशवी फुगताना शाई ओढून घेई. पुढे अनेक कंपन्यांनी खटक्याचा मार्ग पत्करला, याची दखल लेखात असायला हवी होती. झिजलेली पिशवी बदलून नवी लाखेने चिकटवली की ही पेने आजही लिहिती होतात; लेखात दिलेल्या संग्राहकांच्या किमतींपेक्षा ही माहिती वाचकांच्या अधिक उपयोगाची ठरली असती.