बंद कंपनीची गाडी आणि ‘समजुतीने’ ठरलेली किंमत

संपादक साहेब, नमस्कार,

सेकंडहँड गाडी घेताना लोक टायर बघतात, बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकतात, पण इन्शुरन्सचा कागद कोणी नीट वाचत नाही. मीही वाचला नव्हता. त्यात माझी गाडी अशा कंपनीची होती जिने देशातून गाशा गुंडाळला होता, म्हणून हे पत्र.

२०१४ ची शेवरले बीट, डिझेल. आमच्या तळेगावच्याच प्लांटमधली. कंपनीने २०१७ च्या शेवटी इथे गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या डिसेंबरात प्लांटपण थांबला, आता तो ह्युंदाईकडे गेलाय. मी बीट घेतली २०१९ ला, तेव्हा तिला कोणी विचारत नव्हतं म्हणून स्वस्तात मिळाली आणि पाच-सहा वर्ष तिने काही म्हणजे काही त्रास दिला नाही.

आता लोकांना वाटतं की कंपनी बंद म्हणजे इन्शुरन्स महाग. थर्ड पार्टीला, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याला, तसं काही नसतं, तो दर सरकार ठरवतं आणि तो फक्त सीसीवर, मग गाडी शेवरले असो की मारुती. जून २०२२ पासून १००० सीसीच्या आत २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६, वर जीएसटी. माझं डिझेल इंजिन ९३६ सीसी म्हणून २,०९४, आणि शेजाऱ्यांची पेट्रोल बीट ११९९ सीसी म्हणून त्यांना ३,४१६, दिसायला दोन्ही गाड्या सेम!

खरी गोम ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात आहे, आणि त्यातही आयडीव्हीमध्ये, म्हणजे इन्शुरन्सवाले तुमच्या गाडीची जी किंमत धरतात ती. नव्या गाडीला पहिली पाच वर्ष तक्ता ठरलेला आहे, पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, असं करत पाचव्या वर्षी ५० टक्के. पण पाच वर्षांपुढच्या गाडीला आणि ज्या मॉडेलचं उत्पादनच बंद झालंय त्याला हा तक्ता लागू नाही, तिथे किंमत इन्शुरन्स कंपनी आणि मालक यांच्या समजुतीने ठरवायची असं मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलंय. समजुतीने! माझ्याकडे ही समजूत म्हणजे दरवर्षी एजंटचा व्हॉट्सॲप मेसेज, सर रिन्यूअल आलंय, लिंकवर पे करा, आणि मी दरवेळी प्रीमियम थोडा कमी झाला म्हणून खूश होऊन पे करायचो. किंमत किती धरली ते बघायचोच नाही. ती गेल्या वर्षी ६२ हजारांवर आली होती.

मागच्या पावसाळ्यात सोमाटणे फाट्याजवळ पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला आणि मी मागून घुसलो. बंपर, बॉनेट, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर गेला, इंजिनला ओरखडा नाही. गॅरेजवाल्याने एस्टिमेट दिलं ५१ हजार. नियम असा आहे की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती नाही, आयडीव्हीची रक्कम देऊन विषय संपला. ६२ हजारांचे ७५ टक्के म्हणजे साडेसेहेचाळीस हजार. झाली गाडी टोटल! क्लेममध्ये मालकाने सोसायचे हजार रुपये कापून ६१ हजार हातात आले आणि तशीच बीट परत घ्यायला गेलो तर बाजारात लाख-सव्वा लाख सांगतायत. गाडी आपल्याकडेच ठेवून भंगाराची किंमत वजा करून पैसे घेता येतात हे तर मला नंतर कळलं, नुकसान बघायला आलेला सर्व्हेअर आणि एजंट दोघंही त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

बंद कंपनीचा फटका बसतो तो इथे. इंजिनची अडचण लोक समजतात तेवढी नसते, बंद झालेल्या फियाट पुंटो-लिनियाचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन तेच स्विफ्टमध्ये होतं त्यामुळे ते कुठलाही मेस्त्री खोलतो. पण ठोकर बसते ती हेडलाइटला, बंपरला, आणि ते त्याच मॉडेलचं लागतं, मग जुन्या पार्टसाठी पुण्यात नाना पेठ पालथी घाला, मुंबईत कुर्ल्याला जा. पार्ट मिळेना की भाव वाढतो, एस्टिमेट फुगतं, आणि तिकडे आयडीव्ही खाली खाली जात असते, मध्ये तुम्ही सापडता. आणि टोटल लॉस नाही झाला तरी प्लॅस्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी दहा वर्षांपुढची असेल तर पत्र्यावरही ५० टक्के, आणि घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक ठिकाणी देतच नाहीत. कॅशलेसचं तर विसराच, शोरूमच बंद झाल्यावर आपण आपल्या गल्लीतल्या गॅरेजला बिल भरायचं आणि मग मागे लागायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रिन्यूअलच्या मेसेजमध्ये प्रीमियमच्या वर मोठ्या अक्षरात आयडीव्ही लिहा आणि ही रक्कम तुम्ही बोलून बदलू शकता असं एक वाक्य टाका. आपल्या पेपरने हे एकदा इन्शुरन्सवाल्यांना विचारावं ही विनंती.

आता यावर हसू नका, पण बीट गेल्यावर मी २०१७ ची फोर्ड फिगो घेतलीय. हो, २०२१ मध्ये बंद झालेलीच. बायको म्हणाली तुम्हाला चालू कंपनी दिसतच नाही का. नावावर झाल्यावर चौदा दिवसांच्या आत पॉलिसी ट्रान्सफरला टाकली, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, त्यांच्याकडेच राहतो त्यामुळे तो फरक मी भरला. आणि यावेळी तशाच तीन फिगोंच्या विक्रीच्या जाहिरातींचे फोटो एजंटला पाठवले. दोन दिवस गायब होता, मग १ लाख ९० हजारांची आयडीव्ही २ लाख ४० हजार करून दिली. प्रीमियममध्ये फरक पडला हजाराच्या आत.

आपला,
एक वाचक, तळेगाव दाभाडे