फौजी मॅडमना साताऱ्याहून एक जाहीर थँक्यू

मॅडम,

नाव लिहीत नाहीये, कारण लिहिलं तर तुमचा फोन येईल आणि मला बोलणी बसतील. पण सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढाला पळणाऱ्या पोरींना बरोबर कळेल की हे कोणाबद्दल आहे. व्हॉट्सअॅपवर थँक्यू म्हटलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता आणि विषय संपवता, म्हणून इथे लिहिते, इथे तुम्हाला मधेच थांबवता येणार नाही.

सगळ्यांना वाटतं, फौजेत अधिकारी राहून आलेल्या तुम्ही मला पळायला शिकवलंत. ते शिकवलंतच, शिवाय एसएसबीत, म्हणजे फौजेच्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीत, चित्र दाखवलं की मी दरवेळी आजारी आई आणि तिची कष्टाळू मुलगी हीच गोष्ट लिहायचे, ती खोडही तुम्हीच मोडलीत. पण माझे खरे आभार त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यासाठी आहेत. तुम्ही पेन्सिलने रेघा मारून दिलेली कोर्टाची निकालपत्रं. मी तेव्हा बारावीला, मला वाटलं या बाईला काय झालंय, मला ग्राउंड हवंय आणि ही मला वकिली वाचायला देतेय.

ऑगस्ट २०२१ ची गोष्ट. १८ तारखेला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला की मुलींना एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसू द्या, आणि आमच्याकडे लगेच पेढे वगैरे. तुम्ही पेढा खाल्लात आणि म्हणालात, थांबा, अजून बरंच व्हायचंय. झालंही तसंच, सरकारने पुढच्या वर्षापासून घेऊ असं म्हणून बघितलं, कोर्ट म्हणालं नाही, याच वर्षी, आणि १४ नोव्हेंबरला पेपर झाला. पहिल्या बॅचला मुलींसाठी जागा १९. मी लेखी काढली, एसएसबीला कॉन्फरन्स आउट झाले, म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यावर बाद. त्या बॅचमधल्या १७ जणी ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून पास आउट झाल्या, ती परेड मी मोबाईलवर बघितली, जरा रडले आणि मग तुमचा मेसेज आला, "उद्या ५:३०." बास, एवढाच.

त्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त रेघा सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालावर होत्या, १७ फेब्रुवारीचा. अॅडव्होकेट बबिता पुनिया यांनी २००३ ला दिल्ली हायकोर्टात याचिका टाकली होती, पुढे २००६ ला मेजर लीना गुरव यांनीही टाकली. मागणी साधी होती, पुरुष अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मिळतं तसं बायकांनाही द्या. १९९२ ला दार उघडलं ते पाच वर्षांपुरतं, मग वाढवत वाढवत चौदावर आणलं, आणि पेन्शनला लागतात वीस. म्हणजे माणूस ऐन उमेदीची चौदा वर्षं देतो आणि पेन्शनशिवाय घरी येतो. हायकोर्टाने १२ मार्च २०१० ला बायकांच्या बाजूने निकाल दिला. सरकार वर गेलं. २०११ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हायकोर्टाच्या निकालाला स्टे (स्थगिती) नाहीये, तरीही वर्षानुवर्षं अंमलबजावणी नाही. त्या मधल्या वर्षांच्या शेजारी तुम्ही मार्जिनमध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मी इथे बाहेर पडले." कोणाला शिव्या नाहीत की काही नाही, नुसती नोंद. मी त्यावर कधी काही विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही.

आणि सरकारची बाजू! बाळंतपण, घरची जबाबदारी, शरीराची ताकद हे अपेक्षितच होतं, पण त्यात एक मुद्दा असा की जवान बहुतेक ग्रामीण भागातले असतात, बाईचं कमांड स्वीकारायची त्यांची मानसिक तयारी नाही. हे वाचून मला पहिल्यांदा खरा राग आला, कारण ग्रामीण भागातला जवान म्हणजे कोण, माझे आजोबाच की. मराठा लाइट इन्फंट्री, बेळगावच्या सेंटरला घडलेले. तुम्ही तो कागद घेऊन सरळ आमच्या ओसरीवर आलात, चहा घेतलात आणि त्यांनाच विचारलंत, कोर्टात तुमच्याबद्दल असं सांगितलंय, तुम्ही ऐकलं असतं का हो बाईचं? आजोबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आमी हुकूम ऐकायला गेलतो, गळा बघायला न्हवं." आणि त्या दिवसापासून तुम्हाला साहेब म्हणायला लागले. (माझ्या हाफ पँटवरचा त्यांचा आक्षेप मात्र अजून जसाच्या तसा आहे, तिथे कोर्टही काही करू शकणार नाही.)

कोर्टाने ते मुद्दे उडवले, कमांडच्या पोस्ट सरसकट नाकारणंही चुकीचं ठरवलं. इथे मी वाचन बंद केलं होतं, जिंकलो ना, संपलं. तुम्ही म्हणालात पुढचा निकाल वाच. तो २५ मार्च २०२१ चा, लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या केसचा, आणि माझ्या मते खरी शिकवणी तीच. हक्क दिला पण निवडीच्या अटी अशा ठेवल्या की बऱ्याच जणी गळाव्यात. मेडिकलला शेप-वन, म्हणजे सगळ्यात वरचा फिटनेसचा दर्जा, हवा, पुरुषांची ही तपासणी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, तरुणपणी झालेली, आणि या बायकांना तोच निकष चाळिशी-पन्नाशीत. एसीआर, म्हणजे साहेबांनी दरवर्षी लिहायचे कामाचे अहवाल, ते जुने, जे लिहिताना साहेबांना माहीत होतं की हिला पर्मनंट व्हायचंच नाहीये, मग कोण कशाला नीट लिहितंय. नियम कागदावर सगळ्यांना सारखाच, पण मार बसतो तो एकाच बाजूला. कोर्टाने तिथे म्हटलं की समाजाची रचनाच पुरुषांनी पुरुषांसाठी केलेली आहे. आता ऑफिस असो, बँक असो, कुठेही "नियम सगळ्यांना सेम आहे" असं कोणी म्हटलं की मी आधी बघते, हा नियम बनवला कधी आणि कोणाला डोळ्यासमोर ठेवून. ही सवय तुमची.

कॉम्बॅटबद्दल पण तुम्ही कधी खोटं चित्र रंगवलं नाहीत, याचेही आभार. एअर फोर्सने २०१६ ला तिघी फायटर पायलट घेतल्या, २०२१ ला मिलिटरी पोलिसात जवान म्हणून ८३ मुलींची पहिली बॅच बंगळुरूहून बाहेर पडली, २०२३ ला आर्टिलरीत (तोफखान्यात) पाच जणी गेल्या. पण इन्फंट्री (पायदळ) आणि रणगाडे अजून बंदच. माझ्या घरात तीन पिढ्या "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणत ज्या पलटणीत गेल्या, तिथे माझा चुलतभाऊ जाऊ शकतो, पळण्यात त्याला मी कायम मागे टाकते, पण मी जाऊ शकत नाही. यावर मी एकदा तुमच्यासमोर खूप तणतणले. तुम्ही म्हणालात, स्टँडर्ड कमी करून मागू नकोस, तेच स्टँडर्ड दे आणि टेस्ट घे एवढंच माग. लोकांना वाटतं समान हक्क म्हणजे सवलत, आणि तुम्ही तर मला पाठीवरच्या पिठ्ठूत (वजनाच्या पिशवीत) अर्धा किलोसुद्धा सूट दिली नाहीत.

ते "नारीशक्ती"च्या कार्यक्रमांना तुम्ही का जात नाही ते आता कळतं. फेटा, शाल, नारळ, फोटो, आणि पेन्शनचं कोणी विचारत नाही. तुम्ही त्याच वेळात ग्राउंडवर पोरींचे बूट तपासत असता, एकही पैसा न घेता.

माझं सध्या सीडीएस, म्हणजे पदवीनंतरची अधिकारी भरतीची परीक्षा, चालू आहे. मुलींना त्यातून आयएमए (डेहराडूनची अकादमी) नाही, फक्त चेन्नईचं ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी), म्हणजे आधी शॉर्ट सर्व्हिस, ठरावीक वर्षांची नोकरी, आणि मग पर्मनंटसाठी निवडीचं बोर्ड. तुम्ही गेलात त्याच गेटमधून जायचं, पण मला पुढे पर्मनंटचा रस्ता तरी आहे, तुम्हाला नव्हता. तो तुमच्या बॅचमेट लोकांनी कोर्टाच्या तारखा घालून काढला, त्यातल्या जेवढ्या हे वाचतील त्या सगळ्यांनाही थँक्यू.

आणि हो, दहावीच्या दोघी आहेत कोरेगावच्या, त्यांना तुमचा नंबर दिलाय. आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही नाही म्हणाला नसतात. एकीचे फ्लॅट फूट (सपाट तळपाय) आहेत बहुतेक, तेवढं बघा.

तुमची,
कॉन्फरन्स आउट (सध्यापुरती)