घर माझ्या नावावर करू नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

पुढे नर्सिंग होमची (आजारी वृद्धांना कायम सांभाळणारी संस्था) वेळ आली तर घर वाचावं, म्हणून न्यू जर्सीतलं एडिसनचं घर माझ्या नावावर करून टाकायचं बाबांच्या मनात आहे. कृपा करून आत्ता सही करू नका.

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, नर्सिंग होमचा कायमचा मुक्काम देत नाही. आधी तीन दिवस इस्पितळात भरती असलात, तर जास्तीत जास्त १०० दिवस, तेही नर्स किंवा थेरपिस्टचे उपचार लागत असतील तोवरच. नुसतं अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं याचा खर्च मेडिकेड (मिळकत आणि शिल्लक कमी असलेल्यांसाठीची सरकारी योजना) उचलतं, पण अर्जाआधीच्या ६० महिन्यांचे व्यवहार तपासून. त्या काळात कुणाला दिलेलं सगळं त्यात धरतात : घर, माझ्या खात्यात भरलेले पैसे, पुण्याला लग्नकार्यासाठी पाठवलेलेसुद्धा. आयआरएस, म्हणजे इथलं कर खातं, वर्षाला एका माणसाला १९,००० डॉलर (२०२५) भेट द्यायला सूट देतं खरं, पण ती गिफ्ट टॅक्सपुरती. मेडिकेडला तिच्याशी देणंघेणं नाही.

समजा १,२०,००० डॉलर दिले आणि राज्याने नर्सिंग होमचा महिन्याचा खर्च १२,००० धरला, तर दहा महिने मेडिकेड बंद. हे दहा महिने पैसे दिल्या दिवसापासून मोजत नाहीत. शिल्लक संपलेली, बाबा नर्सिंग होममध्ये, अर्ज केलेला, तिथून मोजणी सुरू. म्हणजे बिल भरायला काहीच नाही अशा वेळी.

उलट आत्ता घर सुरक्षित आहे. आई, तू त्यात राहतेस तोवर बाबांच्या अर्जात ते मोजत नाहीत. दोघांच्या मिळून शिल्लकीतला अर्धा हिस्सा तुझ्याकडे राहतो : २०२५ च्या आकड्यांप्रमाणे किमान ३१,५८४ आणि कमाल १,५७,९२० डॉलर. बाबांच्या नावावर मात्र फक्त २,०००. त्यांचं उत्पन्न महिना २,९०१ डॉलरच्या (२०२५) वर गेलं, तर क्वालिफाइड इन्कम ट्रस्टचं वेगळं खातं काढून दर महिन्याला त्यात भरावं लागतं. एखादा महिना चुकला तर त्या महिन्याची पात्रता जाऊ शकते.

पुण्याचा फ्लॅट आणि एनआरओ ठेवी (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातल्या) लपवायच्या नाहीत, त्या मोजल्या जातात. फ्लॅट विकायचा झाला तर खरेदीदार टीडीएस कापतो, पैसे इकडे आणायला सीएचं प्रमाणपत्र लागतं. वेळ हाताशी ठेवूनच सुरुवात करायला हवी.

घर पुढे मला मिळावं असंच वाटत असेल, तर इर्रेव्होकेबल ट्रस्ट (एकदा केला की मोडता न येणारा) करा. पाच वर्षं त्यालाही लागतात, म्हणून लवकर. कधीही मोडता येणाऱ्या रेव्होकेबल ट्रस्टने मेडिकेडपुरता काही उपयोग नाही. थेट बक्षीस दिलंत, तर मी विकताना नफा तुमच्या जुन्या खरेदी किमतीवर मोजतील. नीट लिहिलेल्या ट्रस्टमधून वारशाने आलं, तर तुमच्या पश्चात असलेल्या बाजारभावावर. हा फरक फार मोठा आहे. मी सलग दोन वर्षं तुमच्याजवळ राहून सेवा केली आणि त्यामुळे नर्सिंग होम लांबलं, हे डॉक्टरांच्या पत्रासह सिद्ध झालं, तर घर माझ्या नावावर करायला मुभा आहे. त्यावरही बोलू.

सगळ्यात आधी ड्युरेबल पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे बाबांची समज गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र. बाबांची समज शाबूत आहे तोवरच ती होईल, नाहीतर कोर्टातून पालकत्व घ्यावं लागेल. तिच्यात ट्रस्ट करण्याचा आणि मालमत्ता देण्याचा अधिकार स्पष्ट लिहायला हवा. छापील फॉर्ममध्ये तो बहुधा नसतो. एल्डर लॉ (ज्येष्ठांचे कायदे) करणारा वकीलच हवा, घराची कागदपत्रं करणारा चालणार नाही.

शनिवारी येते. सगळ्या बँकांची पाच वर्षांची स्टेटमेंट्स, फ्लॅटची इंडेक्स टू आणि दोघांची नागरिकत्वाची प्रमाणपत्रं काढून ठेवा.

तुमची,
लेक