लकव्याची सुई कुठे मिळते, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक पक्षाघात दिनाच्या (२९ ऑक्टोबर) निमित्तानं आपण काढलेली आरोग्य पुरवणी वाचली. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं चित्रांसह दिलीत, हे फार बरं केलंत. ते पान कापून मी दुकानाच्या काचेला आतून चिकटवलं आहे. त्या पानाच्या तळाशी एक वाक्य आहे, 'रुग्णास तातडीने सुसज्ज रुग्णालयात न्यावे.' माझं पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. मी आरमोरीत औषधाचं दुकान चालवतो, आणि ते पान वाचून गिऱ्हाईक मला पहिला प्रश्न विचारतं तो हाच, भाऊ, कोणत्या?

लकवा मारलेल्या माणसाच्या घरचे पुष्कळदा डॉक्टरच्या आधी आमच्याकडे येतात. दुकान मेन रोडवर आहे, उशिरापर्यंत उघडं असतं आणि इथे केसपेपर काढावा लागत नाही. बाबाचा हात उचलत नाही, जीभ जड पडली, गोळी द्या. थोडा माहीतगार असला तर रक्त पातळ करायची गोळीच मागतो, कारण शेजारच्या काकाला हार्ट अटॅकमध्ये तीच दिली होती. मी देत नाही, आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत. बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते हे खरं, पण काहींची वाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडत असतं. तोंड दोघांचंही सारखंच वाकडं होतं. कुठला प्रकार आहे हे बाहेरून बघून भल्याभल्या डॉक्टरांनाही खात्रीनं सांगता येत नाही, डोक्याचा सीटी स्कॅनच लागतो. सांडलेलं रक्त त्यात लगेच पांढरं दिसतं. गुठळीचा लकवा मात्र पहिल्या काही तासांत कित्येकदा दिसतच नाही, त्यामुळे 'स्कॅन नॉर्मल आला' म्हणजे लकवा नाही असं समजून कोणी घरी परतू नये.

घरचे १०८ ला फोन लावतात तोवर मी एवढंच करतो की पेशंट गाडीत असेल तर त्याच्या बोटाची साखर तपासतो. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाची साखर उतरली की हुबेहूब लकव्यासारखं होतं, आणि ती दुरुस्त होते. बाकी पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका, असं सांगतो. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, असा खोटा मेसेज मोबाइलवर दरवर्षी नव्यानं फिरतो. तो पाठवणाऱ्यांत शिकलेले लोक जास्त असतात, हे नोंदवून ठेवतो.

गुठळी विरघळवणारी सुई, म्हणजे इंजेक्शन, आहे, हे आमच्याकडे अजून पुष्कळांना माहीत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत ती तीन तासांच्या आत दिली तर फायदा होतो हे दिसलं, २००८ च्या युरोपातल्या चाचणीनंतर ती मुदत साडेचार तासांपर्यंत गेली. मोठी वाहिनी तुंबली असेल तर जांघेतून तार घालून गुठळी बाहेर ओढून काढतात, तेही २०१५ पासून जगभर मान्य झालं आहे, आणि निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करतात. सुईला धोका आहेच. त्या पहिल्या चाचणीत सुई घेतलेल्या शंभरातल्या सहांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता. डॉक्टर सही मागतात ती यासाठी. पण सही मागितली म्हणून भिऊन पेशंट उचलून नेणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, म्हणून दुसरी बाजूही सांगतो: तीन महिन्यांनी आपल्या पायावर चालणारे, स्वतःच्या हातानं जेवणारे लोक सुई घेतलेल्यांत स्पष्टपणे जास्त होते.

साडेचार तास मोजायचे ते पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून. पहाटे उठल्यावर हात लुळा आढळला तर घड्याळ रात्री झोपला तेव्हापासून सुरू झालेलं असतं. अशांनाही मोठ्या ठिकाणी एमआरआय करून कधी कधी सुई देता येते, तेव्हा आशा सोडून घरी ठेवू नये. मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब आहे. आणि आमच्याकडचं ठरलेलं वाक्य काय, तर 'सकारी पाहू', म्हणजे सकाळी बघू.

माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचं सांगतो. वडिलांना दुपारी जेवताना त्रास झाला. मुलगा शहाणा, त्यानं वेळ दवडला नाही, पहिल्या अर्ध्या तासात गाडी काढली. जवळच्या एका खासगी दवाखान्यात सलाइन लावलं, तिथे दोन तास गेले. तिथून दुसरीकडे पाठवलं, तिथे स्कॅन होता पण चालवणारा माणूस नव्हता. तिसऱ्या ठिकाणी स्कॅन झाला, गुठळी आहे असं कळलं, सुई तिथे नव्हती. नागपूर गाठेपर्यंत रात्र झाली. आज ते बाजेवर आहेत, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. या मुलाला काय शिकवणार तुमची पुरवणी? त्याला लक्षणं ओळखता आली होती. त्याला पत्ता माहीत नव्हता.

साप चावला तर आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगतं, सरकारी दवाखान्यात न्या, तिथे लस असते. रोवणीच्या दिवसांत ती लस शिल्लक आहे की नाही याची चौकशी गावचा सरपंच स्वतः करतो. आता ही आकडेवारी बघा. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं आमच्याच जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये दोन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण घरोघरी जाऊन शोधलं. न्यूरॉलॉजिस्ट डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याचे, म्हणजे सातातला एक. दुसरं कुठलंच कारण त्याच्या पुढे नव्हतं. आणि त्यातले ८७ टक्के लोक घरीच गेले. मलेरिया आणि माओवादी यांपलीकडे ज्या जिल्ह्याची बातमी सहसा होत नाही, तिथली ही गोष्ट आहे.

कारण विचाराल तर ते माझ्या काउंटरवर रोज उभं असतं. बीपीची गोळी लोक महिनाभर खातात, मग मोजतात, १३० वर ८० येतं. 'बीपी नार्मल झाला न भाऊ, आता कायले खाऊ?' नॉर्मल झाला तो गोळीमुळे, हे सांगायला गेलं की वाटतं दुकानदार माल खपवतोय. म्हणून स्वतःच्या धंद्याच्या विरोधात लिहितो: सरकारी आरोग्य केंद्रात ही गोळी फुकट मिळते, जनऔषधी केंद्रात अॅम्लोडिपिन एक रुपयाच्या आत मिळते, तिथून घ्या, पण घ्या. वरचा आकडा दहानं उतरला की लकव्याचा धोका पाव हिश्शानं कमी होतो, असं मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून काढलेलं गणित आहे. डोकं दुखलं तरच बीपी वाढलं, ही समजूत तर इतकी मुरली आहे की मी वाद घालणं सोडलं. आता सरळ मशीन हातात देतो.

त्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. दिवसाला पाच-सहा पुड्या चघळणारा माणूस 'मी बिडी-सिगरेटला शिवत नाही' असं अभिमानानं सांगतो. म्हाताऱ्या बायांचा दातांना लावायचा तंबाखूचा गुडाखू वेगळा. जेवणात लोणचं, पापड, सुकी मासोळी, भातावर वरून मीठ.

तरुण बायांमध्ये कारण निराळं निघतं. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप आकसलेली असते, ठोके अनियमित पडतात, हृदयात गुठळी होते आणि मेंदूत जाऊन अडकते. अशांना रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची असते आणि तिच्यासोबत आयएनआर नावाची रक्ततपासणी ठरावीक काळानं करावीच लागते. तपासणी न करता तीन-तीन महिन्यांच्या पट्ट्या मागणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. आणि बाळंतिणीला पाणी तोडायची जुनी रीत अजून काही घरांत पाळतात. बाळंतपणानंतर रक्त आधीच लवकर गोठतं, त्यात शरीरातलं पाणी कमी झालं की मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. बाळंतिणीचं डोकं असह्य दुखलं, झटके आले, तर ते बाहेरचं नसतं. तिला दवाखान्यात न्या.

दहा मिनिटं हात लुळा पडला आणि आपोआप बरा झाला, या प्रकाराला लोक देवाची कृपा समजतात. पुढचा मोठा झटका पुष्कळदा त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत येतो, म्हणून त्याच दिवशी तपासणी हवी. वैदूकडे नेऊन कबुतराचं रक्त चोळणारे तर हमखास असतात. वैदूवर मी रागावत नाही. त्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो.

म्हणून विनंती अशी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांपुरता एक तक्ता आपण छापावा. कुठल्या रुग्णालयात सीटी स्कॅन रात्रीही चालतो, कुठे गुठळीची सुई ठेवलेली असते आणि ती देणारा डॉक्टर असतो, फोन कुठला लावायचा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तिथे काय बसतं. ही माहिती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मागितली तर मिळायला हवी. न मिळाली तर ती मिळत नाही हीच बातमी करा. तक्ता तीन महिन्यांनी पुन्हा तपासून छापावा, कारण मशीन बिघडतात आणि डॉक्टरांच्या बदल्या होतात. १०८ च्या गाडीवाल्यांकडेही तोच असावा, म्हणजे ते पेशंटला जवळच्या दवाखान्यात उतरवण्याऐवजी योग्य दवाखान्यात नेतील आणि निघतानाच तिथे फोन करतील.

मोठ्या अक्षरांत छापाल तर आमच्या तालुक्यातल्या औषध दुकानांत तो लावून घ्यायची जबाबदारी माझी. फ्लेक्सचा खर्च आम्ही दुकानदार वाटून घेऊ, फक्त मजकूर तेवढा तपासलेला पाठवा.

आपला,
एक औषध दुकानदार, आरमोरी, जि. गडचिरोली
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत दिला आहे.)