पिसांची पिशवी

हॅम्बुर्ग, गुरुवार

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

चिऊची पहिली सुरू झाली. शाळेने सामानाची यादी दिली, त्यात वरच 'फेडरटाशे'. फेडर म्हणजे पीस, टाशे म्हणजे पिशवी, एवढं जर्मन मला येतं. हस्तकलेला लागत असतील, म्हणून रंगीत पिसांची दोन पाकिटं कापडी पिशवीत भरून दिली. बाईंनी ती उघडली, एक हिरवं पीस तरंगत बाकाखाली गेलं आणि बाई पोट धरून हसल्या. बाबा, फेडरटाशे म्हणजे कंपासपेटी! मला आधी राग आला, मग म्हटलं, आपणही आत कंपास नसला तरी कंपासपेटीच म्हणतो की.

इकडे पूर्वी हंसाच्या पंखातली मोठी पिसं तासून लिहीत. उजव्या हाताच्या माणसाला डाव्या पंखातलं पीस सोयीचं, कारण ते वळून डोळ्यांसमोरून बाजूला जातं. पुढे धातूची निब आली, पण तिलाही नाव फेडरच. परवा ऑफिसात साहेबांनी मला एका कामाची 'फेडरफ्यूरंट' केलं. शब्दशः पीस चालवणारी; प्रत्यक्षात सगळं काम माझ्या गळ्यात!

आणि आपलं पेन? तेही मुळात लॅटिन 'पेन्ना', म्हणजे पीसच. पेननाइफ हा पिसाचं टोक तासायचा चाकू. कृष्णाने पीस डोक्यावर खोचलं, गिरगावातले कारकून खिशाला खोचतात, इतकंच.

आपल्याकडे मात्र मान बोरूचा. 'कलम' अरबीतून आलं, त्यामागे ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरूच. आपण तर आंब्यालाही कलम म्हणतो आणि कायद्यालाही. चिऊला हे सांगितलं, तर तिला फक्त बोरू बघायचाय. तिरका काप नीट बसला नाही तर अक्षराला जाड-बारीक वळण येत नाही, म्हणून तुम्ही माझे किती बोरू परत तासायला लावलेत ते तिला सांगितलं नाही.

आई म्हणाली, देवघराच्या खणात अजून दोन-तीन आहेत. गणपती झाले की याल तेव्हा आणा. चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नका, सहारला काढून घेतील. शाईची दौत आणूच नका, मागच्या वेळचं लोणचं आठवतंय ना?

आईला नमस्कार.

तुमची,
बेबी